आत्याबाईंची जहागीर

पुलावरच्या माकडांचे केस झडले होते. माकडं खरी नव्हती, यंत्राची होती. उत्तर फ्रान्समधल्या एदँच्या किल्ल्यालगत आर्त्वाच्या सरदार घराण्याचं मोठं राखीव उद्यान होतं. त्यातल्या एका पुलावर ही माकडं बसवलेली होती आणि ती हात हलवून पाहुण्यांचं स्वागत करत. उन्हापावसानं त्यांच्या अंगावरचं कातडं विटलं, तेव्हा बॅजर नावाच्या प्राण्याची नवी कातडी आणून ती पुन्हा मढवली गेली. कातड्याचा खर्च कारकुनानं वहीत टाकला आणि त्या काळातल्या अशा वह्या आरास शहराच्या दप्तरखान्यात आजही आहेत. 700 वर्षं झाली. किल्ला राहिला नाही, उद्यान राहिलं नाही. जुनं एदँ पाचव्या चार्ल्स बादशहाच्या फौजेनं 1553 साली जमीनदोस्त केलं. माकडांच्या कातड्याचा हिशेब मात्र शाबूत आहे.

हा हिशेब ठेवून घेणारी बाई म्हणजे आर्त्वाची काउंटेस माहो. फ्रेंच उच्चार खरं तर ‘माओ’च्या अधिक जवळ जातो, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच माणूस उभा राहू नये म्हणून मी माहोच लिहितो.

फ्रान्समध्ये ही बाई ठाऊक आहे, ती विष घालणारी म्हणून. त्याचं श्रेय मोरिस द्रुओंला. त्याच्या ‘शापित राजे’ या कादंबरीमालेचा पहिला भाग 1955 साली आला आणि 1972 साली त्यावरची दूरदर्शन मालिका घरोघरी पोचली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या लेखकानं आपली प्रेरणा म्हणून जिचं नाव घेतलं, ती हीच माला. तिच्यातली माहो धिप्पाड, खादाड, कपटी आहे. ती एका राजाला विष देते, मग त्याच्या तान्ह्या वारसालाही. द्रुओं मोठा कथाकार होता यात वाद नाही. पण त्याच्या कादंबरीनं अख्ख्या देशाच्या डोक्यात भाच्याची बाजू पक्की बसवली आणि आत्याची बाजू वह्यांमध्येच पडून राहिली.

भांडण आत्या-भाच्याचंच होतं. आपण म्हणतो, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. माहोच्या घरात नेमकं याच प्रश्नावर तीस वर्षं रण पेटलं होतं: काका नाही, आत्या आहे, मग जहागीर कुणाची?

माहोचा जन्म 1268 च्या सुमाराचा. घराणं राजाचं. तिचे आजोबा पहिले रोबेर हे संत म्हणून पुजल्या गेलेल्या नवव्या लुईचे सख्खे भाऊ. ते इजिप्तमध्ये मन्सुराच्या लढाईत 1250 साली पडले. वडील दुसरे रोबेर जन्मभर घोड्यावरच होते, कधी नेपल्सच्या बाजूला, कधी गॅस्कनीत, कधी फ्लँडर्सवर. एदँच्या उद्यानातल्या यांत्रिक करामती त्यांनीच इटलीहून परतल्यावर सुरू केल्या. या घरातले पुरुष अंथरुणात मरत नसत.

1285 साली माहोचं लग्न बर्गंडी परगण्याचा धनी ओथो याच्याशी झालं. (हा परगणा म्हणजे आजचा फ्रांश-कोंते; शेजारची बर्गंडीची डची वेगळी.) ओथो तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, शूर, आणि पैशाच्या बाबतीत अगदीच ढिला. त्याच्यावर कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा फ्रान्सच्या राजानं, फिलिप चौथ्यानं, त्याच्यापुढे एक सौदा ठेवला. 1295 च्या व्हँसेनच्या तहानुसार ओथोनं आपली तीन-चार वर्षांची थोरली मुलगी झान राजाच्या मुलाला द्यायची आणि हुंड्यात सबंध परगणा. बदल्यात ओथोला रोख एक लाख लिव्र आणि हयातभर दरसाल दहा हजार. ओथोनं सही केली. पुढे त्याला मुलगा झाला, तोपर्यंत त्या मुलाच्या वाट्याचं राज्य बहिणीच्या हुंड्यात गेलेलं होतं. मुलगा जन्मभर नावापुरता बर्गंडीचा काउंट राहिला.

मग पाच वर्षांत घरातले कर्ते पुरुष एकामागून एक गेले. एकुलता भाऊ फिलिप फ्लँडर्सच्या लढाईत जखमी झाला आणि 1298 साली वारला. वडील 11 जुलै 1302 ला कूर्त्रेच्या मैदानावर पडले. फ्लेमिश विणकर आणि कसाबांच्या पायदळानं फ्रेंच सरदारांची घोडदळं चिखलात लोळवली, ती ही लढाई. मेलेल्या सरदारांच्या, घोड्याला टोचायच्या सोनेरी टाचा गोळा करून विजेत्यांनी चर्चमध्ये टांगल्या, म्हणून ती सोनेरी टाचांची लढाई म्हणूनच ओळखली जाते. पुढच्याच वर्षी ओथोही लढाईतल्या जखमांनी गेला. पस्तिशीतली माहो विधवा झाली. पदरात दोन मुली आणि एक लहानगा मुलगा, आणि हातात बापाचा आर्त्वा.

आर्त्वा म्हणजे काही डोंगराळ, कोरडी जहागीर नव्हे. आरास, सें-ओमेर ही कापडाच्या धंद्यानं गब्बर झालेली शहरं, सुपीक जमीन, आणि 1297 पासून ‘पीअर’ हा मान. त्या मानानं आर्त्वाचा धनी राज्यातल्या मोजक्या मानकऱ्यांच्या पंगतीत बसायचा.

आता कायद्याकडे येऊ. मेलेल्या भावाचा मुलगा होता. त्याचंही नाव रोबेर, आजोबा गेले तेव्हा वय पंधरा. आपल्या तलाठ्याला विचारलं तर तो चटकन सांगेल, मुलगा आधी वारला असेल तर त्याचा वाटा नातवाला. पण आर्त्वाच्या रूढीत नातू बापाच्या जागी उभा राहू शकत नव्हता. मृताला रक्तानं जो सर्वांत जवळचा, तो वारस. मुलगी एक पिढी दूर, नातू दोन. म्हणून मुलगी. मुलगी बाई आहे का पुरुष, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. बाईला मिळणाऱ्या हक्कावर पुढे इतका शिमगा झाला, पण मूळ नियम असा सरळ होता.

रोबेर वयात आल्यावर त्यानं दावा लावला. 1309 साली फिलिप चौथ्यानं निकाल दिला तो माहोच्या बाजूनं. रोबेरला बोमोंची लहान जहागीर आणि वार्षिक रक्कम देऊन गप्प करण्यात आलं. तो गप्प बसला नाही. आता हे खरं की राजा माहोचा व्याही होता. 1307 साली झान राजाच्या मधल्या मुलाला, फिलिपला दिली गेली, पुढच्या वर्षी धाकटी ब्लांश धाकट्या शार्लला. व्याह्यानं विहिणीला झुकतं माप दिलं, असा रोबेरचा आक्षेप होता. मला तो पटत नाही. हाच निकाल 1318 साली दुसऱ्या राजानं पुन्हा दिला, आणि 1331 साली तिसऱ्या राजाला, जो रोबेरचा मेहुणा होता, त्यालाही आर्त्वा रोबेरला देता आला नाही. रूढी आत्याच्याच बाजूची होती.

दोन जावई राजपुत्र. याहून सुख ते काय! आणि मग 1314 चा वसंत उजाडला.

राजाच्या तिन्ही सुनांवर बालंट आलं. थोरली मार्गरीत ही बर्गंडीच्या डचीतली, दुसऱ्या दोघी माहोच्या लेकी. मार्गरीत आणि ब्लांश यांचे ओने घराण्यातल्या दोन तरुण शिलेदार भावांशी संबंध असल्याचं उघड झालं. 19 एप्रिलला पोंत्वाझच्या चौकात त्या दोन भावांना हालहाल करून मारलं. दोघी सुनांचे केस भादरून त्यांना सीन नदीवरच्या शातो गायार किल्ल्यात कोंडलं. मार्गरीत तिथे पुढच्याच वर्षी मेली. ब्लांश तेव्हा अठराएक वर्षांची होती. झानवर आरोप एवढाच, की तिला ठाऊक होतं आणि ती बोलली नाही. तिला दूरदांच्या किल्ल्यात ठेवलं, पण वर्षाच्या आत निर्दोष ठरवून सोडलं. नवऱ्यानं तिची पाठराखण केली. प्रेमानं केली म्हणा किंवा बर्गंडीचा हुंडा हातचा जाईल म्हणून केली म्हणा. माझा अंदाज दोन्हीचा आहे.

ब्लांशची गोष्ट अशी सुटली नाही. सात-आठ वर्षं ती कैदेतच होती. तिचा नवरा शार्ल 1322 साली राजा झाला आणि त्याला वारस हवा होता, म्हणजे नवी बायको हवी होती. व्यभिचारावरून कॅथलिक चर्च लग्न मोडत नाही. मग वकिलांनी जुनी कागदपत्रं चाळली आणि कारण सापडलं. शार्लच्या बाप्तिस्म्याच्या वेळी माहो त्याची धर्ममाता झाली होती. चर्चच्या नियमानं धर्ममातेची मुलगी म्हणजे बहीणच. पोप बाविसाव्या जॉननं याच मुद्द्यावर लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं. एका बाळाला पाण्याच्या कुंडावर धरून उभं राहण्याचा मान माहोनं कधीकाळी स्वीकारला, त्यातून तिच्या लेकीचं लग्न मोडायची सोय झाली. ब्लांश पुढे मोब्विसोंच्या मठात जोगीण झाली आणि तिशी-एकतिशीतच गेली.

बदनामीच्या त्या वर्षात माहोचा आर्त्वाही पेटला. फिलिप चौथ्याच्या करांना कंटाळलेल्या सरदारांनी ठिकठिकाणी जूट केली होती. आर्त्वातल्या जुटीचा रोख माहोवर आणि तिचा कारभारी तिएरी दिरसों याच्यावर होता. तिएरी साध्या घरातून वर आलेला पाद्री, हिशेबात पक्का, वसुलीत कडक. अशा कारभाऱ्यावर सरदारांचा राग असणं ओघानं आलं. बाईवर आणि तिच्या कारकुनावर एकाच वेळी तोंड सोडायची सोयही झाली. 1315 साली त्यांनी एदँचा किल्ला लुटला. माहोनं काय केलं? तिनं लुटीची यादी करवली. काय गेलं, कुठल्या दालनातून गेलं, नुकसान किती. तिच्या पुस्तकांचा आज आपल्याला जो पत्ता लागतो, त्यातला बराचसा या यादीमुळे लागतो. लुटारूंनी अशी मदत केली.

पुस्तकांचा तिला खरोखर नाद होता. पॅरिसचा पुस्तकविक्या तोमा द मोबज तिला हस्तलिखितं पुरवायचा. 1312 सालच्या एका नोंदीत ‘महाखानाची कहाणी’ असं पुस्तक सजवून घेतल्याचा उल्लेख आहे. अभ्यासक हे पुस्तक म्हणजे मार्को पोलोचं प्रवासवर्णन मानतात. तसं असेल तर आर्त्वाच्या थंड किल्ल्यात बसून या बाईनं आपल्या ठाण्याबद्दल वाचलं असणार. पोलोनं ठाण्याच्या राज्यावर छोटं प्रकरण लिहिलंय: इथे तपकिरी रंगाचा धूप होतो, सुती कापड निघतं, आणि इथला राजा समुद्रावरच्या चाच्यांना सामील आहे, अट एवढीच की लुटीतले घोडे त्याचे. किल्ला लुटला गेलेल्या बाईला हा करार ओळखीचा वाटला असेल.

तिच्या वह्यांत मिरी, आलं, दालचिनीची खरेदी आहे, गोरगरिबांना वाटायच्या कापडाची आणि जोड्यांची आहे. 1320 साली पॅरिसजवळच्या कोंफ्लांच्या वाड्यातल्या सज्जात तिनं ब्रसेल्सच्या एका चित्रकाराकडून बापाच्या पराक्रमाची चित्रं काढून घेतली. करारपत्रात काय काय काढायचं ते बारकाईनं नोंदवलंय. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. चित्रातल्या सरदारांच्या ढालींवरची चिन्हं मनानं काढायची नाहीत, त्या वेळी कुणाची कोणती होती याची चौकशी करून काढायची. कादंबरीतली राक्षसीण मी या एका कलमापुढे ठेवून पाहतो आणि मग मला ती खरी वाटत नाही.

आता विषाकडे वळू. दहावा लुई 5 जून 1316 ला, सव्वीस वर्षांचा असताना, अचानक गेला. चेंडूचा खेळ खेळून घामाघूम झाला होता आणि वर गार वाईन ढोसली, असं तेव्हाच सांगितलं गेलं. विधवा राणी गरोदर होती. नोव्हेंबरात मुलगा झाला आणि पाच दिवसांत गेला. गादी आली दुसऱ्या भावाकडे, म्हणजे माहोच्या जावयाकडे. मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आर्त्वातल्या एका जडीबुटीवाल्या बाईनं जबानी दिली, की माहोनं माझ्याकडून लेक-जावयाचं जुळावं म्हणून वशीकरणाचं औषध नेलं आणि नंतर राजासाठी विष नेलं. चौकशी झाली आणि ऑक्टोबर 1317 मध्ये माहो निर्दोष ठरली. न्यायाधीश जावयाचेच होते, हे मान्य. पण जबानी आली ती आर्त्वाचा दावा चालू असताना आणि बंडखोरांच्या मुलखातून, हेही विसरून चालत नाही. नवजात अर्भकं तेव्हा राजवाड्यातसुद्धा सर्रास दगावत. पाच दिवसांचं पोर मरायला आत्याबाईंची गरज नव्हती.

9 जानेवारी 1317 ला रँसच्या कॅथीड्रलमध्ये जावयाचा राज्याभिषेक झाला. वातावरण इतकं तंग, की शहराच्या वेशी बंद ठेवल्या होत्या. धाकटा भाऊ शार्ल सकाळीच रुसून निघून गेला. दहाव्या लुईची मुलगी, मार्गरीतची पोर, हयात असताना तिला बाजूला सारून हा अभिषेक कसा, म्हणून बर्गंडीच्या म्हाताऱ्या डचेसनं निषेध पाठवला. रिवाजानुसार राजाच्या मस्तकावर मुकुट ठेवला की सगळे पीअर त्याला हात लावत. आर्त्वाची पीअर माहो होती. ती पुढे झाली आणि तिनं मुकुटाला हात लावला. बाईनं हे करावं याचा काही जणांना संताप आला, असं त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवलंय.

आणि महिन्याभरात, फेब्रुवारी 1317 मध्ये, पॅरिसला भरलेल्या सभेनं ठरवलं, की फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नाही. ‘सॅलिक कायदा’ हे भारदस्त नाव त्याला बऱ्याच नंतर चिकटवलं गेलं; त्या दिवशी जावयाला पुतणीचा हक्क मोडायचा होता, एवढंच. म्हणजे एकाच घरात, एकाच वेळी, सासू पुरुषाला डावलून जहागीर राखत होती आणि जावई पोरीला डावलून राज्य घेत होता. दोघंही कायद्यानंच. या विसंगतीची किंमत कुणी मोजली? जावयाच्याच लेकींनी. फिलिप पाचवा 1322 च्या जानेवारीत वारला. मुलगे जगले नव्हते, मुली होत्या. बापानं केलेल्या नियमानं त्या बाद झाल्या आणि गादी शार्लकडे गेली. माहोच्या नाती राण्या होता होता राहिल्या.

रोबेरनं या गोंधळात एकदा तलवारही उपसून पाहिली. 1316 च्या शरदात तो आरासमध्ये घुसला आणि नंतर कैद झाला. माहो 1319 साली आरासला परतली, बंड मोडलं, आणि तिनं अखेरपर्यंत कारभार केला. त्यात दुःख मुलाचं होतं. तिचा एकुलता मुलगा, त्याचंही नाव रोबेर, 1317 च्या सप्टेंबरात, सतराएक वर्षांचा असताना गेला.

ती स्वतः 27 नोव्हेंबर 1329 ला पॅरिसमध्ये वारली. दोन महिने व्हायच्या आत, 21 जानेवारी 1330 ला, वारस मुलगी झानही गेली. पुन्हा विषाची कुजबुज झाली, या खेपेला भाच्याच्या नावानं. त्यावरही माझा विश्वास नाही, पण भाच्यानं पुढे जे केलं ते दप्तरी नोंद आहे. त्यानं खोटे कागद तयार करवले. आजोबांनी बापाला आर्त्वा लिहून दिला होता, अशी दस्तऐवजं. हे काम केलं झान द दिव्हियों नावाच्या बाईनं. ती एके काळी तिएरी दिरसोंची रखेल होती, त्यामुळे घरचे कागद कसे दिसतात हे तिला माहीत होतं. खऱ्या जुन्या दस्तऐवजावरची लाखेची मोहोर तापवलेल्या सुरीनं अलगद सोडवून खोट्यावर बसवली गेली. बनाव उघडा पडला. 6 ऑक्टोबर 1331 ला त्या बाईला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. रोबेर पळाला, 1332 साली हद्दपार झाला आणि अखेर इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयाला गेला. माझ्या शत्रूला थारा दिलास, हे कारण पुढे करून फ्रान्सच्या राजानं 24 मे 1337 ला एडवर्डचा गुयेन प्रांत जप्त केला. शंभर वर्षांचं युद्ध इथून मोजतात. मूळ कारणं मोठी होती. एका जहागिरीच्या दाव्यावरून युद्ध पेटलं असं म्हणणं बाळबोध ठरेल. पण जप्तीच्या कागदावर कारण म्हणून आर्त्वाचा भाचाच होता. तो 1342 साली ब्रिटनीत व्हानच्या लढाईत जखमी होऊन मेला. आर्त्वा त्याला मिळाला नाहीच. तो माहोच्या लेकीकडून नातीकडे गेला आणि 1361 पासून एकवीस वर्षं दुसऱ्या नातीनं, मार्गरीतनं, स्वतः सांभाळला.

माहोला मोब्विसोंच्या मठात वडिलांच्या पायाशी पुरलं आणि तिचं हृदय पॅरिसच्या फ्रान्सिस्कन मठात मुलाच्या थडग्याजवळ ठेवलं. क्रांतीनंतर दोन्ही मठांची चर्चं पाडली गेली. तिचा खरा चेहरा कसा होता हे सांगणारं थडगं उरलेलं नाही. पण मुलाचा पुतळा वाचला. झां पेपँ नावाच्या शिल्पकाराकडून तिनं तो घडवून घेतला होता. पॅरिसला जाणं झालं तर तेरा नंबरच्या मेट्रोनं सें-दनीच्या बासिलिकेत जा. राजेरजवाड्यांच्या रांगेत चिलखत घातलेला एक मुलगा पाय सिंहावर टेकवून आडवा पडला आहे. मिसरूडही न फुटलेला. त्याच्या दगडाचे पैसे आईनं चुकते केले आणि ती रक्कमही आरासच्या वह्यांत मांडलेली आहे.